बारा हजार आठशे सहांपैकी एक

३ नोव्हेंबर २०२२ रोजी अंधेरी पूर्व विधानसभेच्या पोटनिवडणुकीत १२,८०६ मतदारांनी ‘नोटा’चं बटण दाबलं. त्यातली एक मी. हे आजवर घरातही कोणाला सांगितलं नव्हतं. आता वय झालं, लाज कमी झाली, म्हणून थेट पेपरात लिहिते आहे.

दिवाळी सरून आठवडा झाला होता. तेली गल्लीत बऱ्याच खिडक्यांना कंदील अजून तसेच होते. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी, त्यामुळे साबुदाणा आणि शेंगदाणे घ्यायचे होते. पिशवी घेऊनच मतदानाला गेले. केंद्र पालिकेच्या शाळेत होतं. मी स्वतः तीस वर्षं पालिकेच्या शाळांत शिकवलं, त्यामुळे त्या वर्गाचा वास ओळखीचा: खडूची पूड, पावसाळ्यात ओल धरलेली भिंत आणि सकाळीच मारलेलं फिनेल. बाक मागे ढकलून एकावर एक रचलेले. एकाने यादीत माझं नाव शोधून मोठ्याने वाचलं, दुसऱ्या मुलीने बोटाला शाई लावली, तिसऱ्याने कंट्रोल युनिटचं बटण दाबलं. त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी १९८५ पासून किती निवडणुका बसले असेन. पहाटेचं अभिरूप मतदान, डब्यातली गार पोळी, रात्री साहित्य जमा करायची रांग, सगळं केलेलं. म्हणून माझी नजर आपोआप केंद्राध्यक्षांच्या वहीकडे गेली. साडेअकरा वाजले होते आणि त्या खोलीत शंभरही मतं पडली नव्हती. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मतदारसंघात मतदान झालं जेमतेम ३२ टक्के.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. सर्वांत खालचं बटण दाबलं. काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसली, मग टपकन खाली पडली. बाहेर येऊन मुलाला फोन करून सांगितलं, “झालं बाबा मतदान.” कोणाला दिलं ते त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

रविवारी निकाल लागला. शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाच्या ऋतुजा लटके ६६,५३० मतं घेऊन निवडून आल्या. दुसऱ्या क्रमांकावर कोणी माणूस नव्हताच. तिथे नोटा होता, एकूण मतांच्या जवळजवळ पंधरा टक्के. हे ठरवून घडवून आणलंय, असे आरोप झाले. इतरांचं मला ठाऊक नाही. माझ्या दारात तरी कोणी सांगायला आलं नव्हतं.

मग मी तसं का केलं? ऋतुजाताईंवर माझा राग नव्हता. उलट सहानुभूती होती. नवरा, आमदार रमेश लटके, मे महिन्यात अचानक गेलेला. स्वतः पालिकेत नोकरीला, आणि राजीनामा मंजूर होईना म्हणून उमेदवारी अडलेली. मुंबई उच्च न्यायालयाने पालिकेला आदेश दिला तेव्हा कुठे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाआधी वाट मोकळी झाली. समोर भाजपचे मुरजी पटेल होते, त्यांनी १७ ऑक्टोबरला अर्ज मागे घेतला. मला राग होता तो माझ्याच आधीच्या मताचा हिशेब लागत नव्हता म्हणून. तो हिशेब इथे मांडते, कारण अंधेरी पूर्वच्या मतदाराइतका घोळ महाराष्ट्रात क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल.

२१ ऑक्टोबर २०१९. युती होती. रमेश लटके शिवसेनेचे, चिन्ह धनुष्यबाण, भाजप त्यांच्याबरोबर. त्यांच्याविरुद्ध अपक्ष उभे राहिले आणि दुसरे आले मुरजी पटेल. लटके निवडून आले. महिन्याभराने शिवसेना काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर सरकारात बसली. म्हणजे ज्यांनी युती म्हणून धनुष्यबाणाला मत दिलं, त्यांचं मत महिन्यात महाविकास आघाडीच्या खात्यावर जमा झालं. मग २०२२. शिवसेना फुटली. निवडणूक आयोगाने ८ ऑक्टोबरला धनुष्यबाण गोठवला, तो आमच्या पोटनिवडणुकीच्या तोंडावर. नवी मशाल महाराष्ट्रात पहिल्यांदा मतयंत्रावर उमटली ती अंधेरी पूर्वमध्ये. मग २० नोव्हेंबर २०२४. मशालीवर ऋतुजा लटके, आणि धनुष्यबाणावर कोण? मुरजी पटेल, आता एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे. ते सुमारे पंचवीस हजारांनी निवडून आले. पाच वर्षांत तीनदा मतदान. नावं दोनच घरांतली. २०१९ मध्ये धनुष्यबाणाशी लढलेला माणूस २०२४ मध्ये धनुष्यबाणावर जिंकला. सत्तर-पंच्याहत्तरीच्या माझ्या मैत्रिणी चिन्ह बघून मत देतात, उमेदवाराचं नाव त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. त्यांना हे समजावून सांगताना माझी शिक्षकी पणाला लागली.

पण नोटा दाबताना माझ्या डोक्यात याहूनही एक गोष्ट होती. ती फारशी कोणी बोलत नाही.

४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदे सरकारने विधानसभेत विश्वासदर्शक ठराव जिंकला, १६४ विरुद्ध ९९. आदल्या दिवशी अध्यक्षांची निवड झाली होती, १६४ विरुद्ध १०७. सुरत, गुवाहाटी, गोवा असा प्रवास करून आलेले आमदार एकेक करून उभे राहत होते आणि टीव्हीवर मोजणी चालली होती. सभागृह कोणाच्या ताब्यात जाणार, हे ठरवणारे ते दोन दिवस. त्या दोन दिवसांत अंधेरी पूर्वचा आमदार सभागृहात नव्हता. कुठल्याच बाजूला नव्हता. जागा रिकामी होती. २८८ च्या सभागृहाची संख्या २८७ धरली जात होती, कारण तो एक कमी आमचा होता. पोटनिवडणूक झाली नोव्हेंबरात, सगळं ठरून गेल्यावर. जेवण उरकल्यावर पान मांडावं, तसं मला त्या दिवशी वाटलं. म्हणून मी खालचं बटण दाबलं.

आता चार-पाच वर्षं विचार केल्यावर वाटतं, राग बरोबर होता, बटण चुकलं.

नोटा २०१३ मध्ये आला, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. त्याआधी ‘नियम ४९-ओ’ होता. मतदाराने यायचं, सही करायची आणि केंद्राध्यक्षांना सांगायचं की मला मत द्यायचं नाही. तशी नोंद नोंदवहीत व्हायची आणि खोलीतले सगळे, पक्षांचे पोलिंग एजंटसुद्धा, त्या माणसाकडे बघायचे. माझ्या इतक्या वर्षांच्या ड्युटीत असा एकच मतदार आला होता. त्या मानाने नोटा सोयीचा आणि गुप्त. पण विधानसभेच्या निवडणुकीत त्याची किंमत शून्य. नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी त्याच्याखालचा उमेदवार निवडून येतो. गंमत म्हणजे महानगरपालिकेच्या निवडणुकीत तसं नाही. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढून ठेवला आहे की नोटा पहिला आला तर तिथे पुन्हा निवडणूक घ्यायची. विधानसभेत अशी सोय नाही. आणि असती तरी माझा प्रश्न सुटला नसता. नोटाला सभागृहात बाक मिळत नाही. तो लक्षवेधी मांडत नाही, तारांकित प्रश्न विचारत नाही.

सभागृह कोणाच्या ताब्यात, या प्रश्नाला आपण सगळे एकाच आकड्यात उत्तर देतो: १४५. निकालाच्या दिवशी टीव्हीवर तो आकडा रेषेसारखा आखलेला असतो. तो खरा आहेच. पण गेल्या सहा-सात वर्षांत महाराष्ट्रात सभागृहाचा ताबा प्रत्यक्षात दोन खुर्च्यांवरून ठरत आला आहे. एक अध्यक्षांची, दुसरी त्यांच्या डाव्या हाताची पहिली, विरोधी पक्षनेत्याची. या दोन्ही खुर्च्यांशी सगळ्यांनी मिळून खेळ केला आहे. सगळ्यांनी म्हणते, कारण एकाच बाजूला दोष देणं मला जमणार नाही.

पहिली खुर्ची बघा. नाना पटोले अध्यक्ष होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी पद सोडलं आणि ते काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष झाले. त्यानंतर जुलै २०२२ पर्यंत, जवळपास सतरा महिने, महाराष्ट्राच्या विधानसभेला अध्यक्ष नव्हते. महाविकास आघाडी सरकारने गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने निवड करायचा नियम आणला, राज्यपालांनी हरकत घेतली, निवडणूक राहिली ती राहिली. म्हणून जून २०२२ मध्ये शिंदे गटाच्या सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढायची वेळ आली, तेव्हा त्या काढल्या उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी, आणि वाद आधी त्यांच्याच अधिकाराचा झाला. खुर्ची भरलेली असती तर इतिहास बदलला असता का, ते मी सांगू शकत नाही. पण रिकामी ठेवणाऱ्यांनी पुढे तक्रार करताना जरा खाली बघायला हवं होतं.

त्याच काळात ५ जुलै २०२१ ला भाजपचे बारा आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले. तालिका अध्यक्ष म्हणून खुर्चीवर होते भास्कर जाधव. त्या बारांत चार आपल्या उपनगरातले होते: वांद्रे पश्चिमचे आशिष शेलार, विलेपार्ल्याचे पराग अळवणी, कांदिवली पूर्वचे अतुल भातखळकर आणि चारकोपचे योगेश सागर. माझी धाकटी बहीण चारकोपला राहते. तिचं मत त्यांनाच होतं. ती चिडून म्हणाली, “ताई, गोंधळ आमदारांनी घातला असेल, शिक्षा मला का?” तिचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने जवळपास तसंच्या तसं मान्य केलं. २८ जानेवारी २०२२ च्या निकालात अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य ठरलं. तोवर सहा महिने उलटून गेले होते. चारकोपला तेवढा काळ सभागृहात बाक नव्हता, आणि पुढे काही महिन्यांत आम्हाला नव्हता.

मग सत्ता बदलली आणि खुर्चीवर राहुल नार्वेकर आले. शिवसेनेच्या अपात्रतेच्या याचिका जून-जुलै २०२२ च्या. त्यांचा निकाल लागला १० जानेवारी २०२४ ला. दीड वर्ष. तोही सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा टोकल्यावर. ११ मे २०२३ ला धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं होतं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं, पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून जुनं सरकार परत आणता येणार नाही. अपात्रतेचं अध्यक्षांनी वाजवी वेळेत ठरवावं. अध्यक्षांनी ठरवलं ते असं: शिंदे गट हीच खरी शिवसेना, आणि अपात्र कोणीच नाही. इकडचेही नाहीत, तिकडचेही नाहीत. त्याविरुद्ध पुन्हा न्यायालय. तोवर विधानसभेची मुदत संपून नवी निवडणूक झालीसुद्धा. तीस वर्षं मी पेपर तपासले. विद्यार्थी पास होऊन शाळा सोडून गेल्यावर त्याच्या कॉपीचा निकाल लावणारी शाळा मी पाहिलेली नाही.

आता दुसरी खुर्ची. त्यासाठी मला गोरेगावला जावं लागेल, म्हणजे माहेरी.

आमची चाळ गोरेगावची. नळाला पाणी पहाटे यायचं, आलं तर. आईचे हात रांगेत हंडे सरकवून सरकवून खरबरीत झालेले. १९७२ च्या सुमाराला महागाईविरोधात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आई सकाळी भाकरी थापून, तेच लाटणं पिशवीत टाकून गेली. “आई, भाकरीला लाटणं कुठे लागतं?” असं मी म्हटल्यावर म्हणाली, “सरकारला लागतं.” त्या मोर्चाच्या पुढे मृणाल गोरे असायच्या. गोरेगावला त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणायचे, आणि आमच्याकडे नुसतं ‘मृणालताई’.

मृणालताई १९८५ मध्ये गोरेगावातून विधानसभेवर गेल्या, जनता पक्षाकडून. माझी पहिली निवडणूक ड्युटी त्याच वर्षीची, कागदी मतपत्रिका आणि फुलीचा शिक्का यांच्या जमान्यातली. त्या निवडणुकीचे आकडे मी परवा पुन्हा काढून बघितले. काँग्रेस १६१. शरद पवारांची समाजवादी काँग्रेस ५४. जनता पक्ष २०. भाजप १६. शेतकरी कामगार पक्ष १३. सुरुवातीला विरोधी पक्षनेते पवार होते. डिसेंबर १९८६ मध्ये ते पक्षासह काँग्रेसमध्ये परतले. मग काय झालं? खुर्ची रिकामी ठेवली का? नाही. आधी जनता पक्षाचे निहाल अहमद विरोधी पक्षनेते झाले, नंतर शेकापचे दत्ता पाटील, १९८८-८९ मध्ये आमच्या मृणालताई, आणि पुन्हा दत्ता पाटील. निवडणुकीत वीस जागा मिळालेला पक्ष, तेरा जागा मिळालेला पक्ष. सभागृह तेव्हाही २८८ चंच होतं. सरकार काँग्रेसचं, बहुमत भक्कम, आणि तरी समोरच्या पहिल्या खुर्चीवर कोणीतरी बसलेलं असायचं.

२०२४ मध्ये काय झालं? महायुतीला प्रचंड बहुमत: भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवार यांची राष्ट्रवादी ४१. विरोधात सर्वांत मोठा पक्ष उद्धव ठाकरे यांचा. त्यांच्या जागा किती? वीस. बरोबर वीस. त्यांनी भास्कर जाधव यांचं नाव अध्यक्षांकडे दिलं. तेच जाधव, ज्यांच्या खुर्चीवरून बारा जण निलंबित झाले होते. नियती अशी कधी कधी वर्गातल्या खोडकर पोरासारखी वागते. तर सांगितलं गेलं की दहा टक्के जागा लागतात, म्हणजे एकोणतीस. २०२५ चं नागपूरचं हिवाळी अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्याविना पार पडलं.

हा दहा टक्क्यांचा नियम कुठे लिहिलाय? विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा महाराष्ट्राचा १९७८ चा कायदा आहे. त्यात व्याख्या साधी आहे: सरकारच्या विरोधात असलेल्या, संख्येने सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता, ज्याला अध्यक्षांनी मान्यता दिली आहे तो. टक्केवारीचा आकडा त्यात नाही. तो आला लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर यांच्या काळातल्या, पक्षांना मान्यता देण्याच्या निकषातून. म्हणजे चावी पुन्हा पहिल्याच खुर्चीकडे. मनात आलं तर वीस पुरतात, नाही आलं तर वीसाला एकोणतीस लागतात.

माझे धाकटे दीर मुलुंडला राहतात. जुने भाजपचे. भाऊबिजेला जेवायला आले तेव्हा यावरून आमची जुंपली. ते म्हणाले, “वहिनी, लोकांनीच त्यांना नाकारलं. परीक्षेत नापास झालेल्याला वर्गाचा मॉनिटर करायचं का?” मी म्हटलं, “भाऊजी, मॉनिटर नाही, पालकसभेत उठून प्रश्न विचारणारा पालक समजा. त्याचा मुलगा नापास असला तरी त्याला खुर्ची देतात.” ते हसले, पण पटलं नव्हतं. मग मी त्यांना दिल्लीचं सांगितलं. २०१५ मध्ये तिथल्या सत्तर जागांपैकी त्यांच्याच पक्षाला मिळाल्या तीन. सत्तर पैकी तीन. सात हव्या होत्या दहा टक्क्यांना. तरी आम आदमी पक्षाच्या अध्यक्षांनी भाजपच्या विजेंद्र गुप्तांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता दिली. भाऊजींनी बासुंदीची वाटी पुढे केली. याला आमच्या घरात ‘विषय तहकूब’ म्हणतात.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागला. ते म्हणाले, “ती खुर्ची देऊन तरी काय होतं? बसतो तो उठून आमच्याकडे येतो.” खरंच आहे. ५ डिसेंबर २०२४ ला आझाद मैदानात मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतलेले तिघेही, देवेंद्र फडणवीस, एकनाथ शिंदे आणि अजित पवार, याच विधानसभेत कधी ना कधी विरोधी पक्षनेते होते. शिंदे २०१४ मध्ये महिनाभरसुद्धा नाही, मग मंत्री. राधाकृष्ण विखे पाटील २०१९ मध्ये थेट त्या खुर्चीवरून उठून सरकारात. अजित पवार २ जुलै २०२३ ला तसेच. विरोधी पक्षनेत्याची खुर्ची हा पलीकडे जायचा जिना झाला, हे दुखणं खरं. पण जिन्याचा गैरवापर झाला म्हणून कोणी इमारतीचा जिना काढून टाकत नाही.

आणि विरोधात बसून काय होतं ते मृणालताईंचं, त्या खुर्चीवर येण्याआधीचं एक उदाहरण सांगते. गर्भजल परीक्षा करून मुली पाडायचं प्रमाण मुंबईत तेव्हा उघड वाढलं होतं. लोकलच्या डब्यात जाहिराती चिकटवलेल्या असायच्या, मी स्वतः वाचलेल्या आहेत. मृणालताईंनी १९८६ मध्ये विधानसभेत अशासकीय विधेयक मांडलं. विरोधातल्या बाईने मांडलेलं विधेयक मंजूर होणार नव्हतंच. पण विषय सभागृहात आला, सरकारला उत्तर द्यावं लागलं, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, असा कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य. संख्येने हरणाऱ्यांनी विचारलेला प्रश्न जिंकणाऱ्यांना कायदा करायला लावू शकतो, हे गोरेगावच्या मतदारांनी पाहिलेलं आहे.

आजचं उदाहरण माझ्या खिडकीतून दिसतं. पोटनिवडणुकीचा निकाल ६ नोव्हेंबर २०२२ चा. दुसऱ्याच दिवसापासून अंधेरीचा गोखले पूल बंद झाला. आमची तेली गल्ली त्याच पुलाच्या तोंडाशी. पूर्वेकडून पश्चिमेला डॉक्टरकडे जायला पंधरा मिनिटं लागायची, ती पाऊण तासावर गेली. रिक्षावाले नाव काढलं की मान हलवायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाचा एक भाग सुरू झाला, तर तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाला जुळेना, दोघांच्या उंचीत माणूसभर फरक. लोक फोटो काढायला येत होते. जोड मिळाला जुलैत, पूर्ण पूल सुरू झाला मे २०२५ मध्ये. या सगळ्या काळात महापालिकेत नगरसेवकच नव्हते. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. अशा वेळी जाब विचारायची जागा उरते एकच, विधानसभा. तिथे साध्या आमदाराचा प्रश्न यादीत छापला जातो आणि वेळ संपली की पटलावर ठेवला जातो. विरोधी पक्षनेता उभा राहिला की सहसा त्याला बोलू देतात आणि मंत्र्यांना उत्तर द्यायला उठावं लागतं. मानवी हक्क आयोगासारख्या संस्थांवरचे सदस्य निवडायच्या समितीतही विरोधी पक्षनेत्याला जागा असते. ती रिकामी राहिली तर टेबलाभोवती सगळे एकाच पंगतीतले.

म्हणून माझं म्हणणं अगदी थोडक्यात. अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांच्या हातातून काढा. हे मी एकटीच म्हणत नाही. मणिपूरच्या प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन महिन्यांची मुदत सांगितली आणि निवृत्त न्यायमूर्तींच्या स्वतंत्र लवादाचा विचार करा असं संसदेला सुचवलं. तेलंगणाच्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये, भूषण गवई सरन्यायाधीश असताना, पुन्हा संसदेलाच सांगितलं की अध्यक्षांकडे हे काम ठेवायचं का याचा फेरविचार करा. दुसरं, विरोधी पक्षनेता कोण, हे मर्जीवर ठेवू नका. त्यासाठी नवा शोध लावायला नको. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीसाठी लिहूनच ठेवलंय की मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता तोच मानावा. ती एक ओळ १९७८ च्या कायद्यात घाला. तिसरं, अध्यक्ष झालेल्या माणसाने पक्ष सोडावा. दहाव्या परिशिष्टात तशी मुभा आहे, पक्ष सोडला तरी अपात्र होत नाही, पद गेल्यावर परतही जाता येतं. नीलम संजीव रेड्डी यांनी १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर काँग्रेस सोडली होती. त्यानंतर ही मुभा कायद्यात आली, आणि वापरणारे सापडेनासे झाले.

हे कोण करणार? ज्यांच्या हातात सत्ता आहे ते करणार नाहीत, कारण आज त्यांना गरज नाही. ज्यांच्या हातात नाही ते आज मागतील आणि उद्या सत्ता आली की विसरतील. २०२१ मध्ये विसरलेच होते. मग राहिलो आपण. आपण उमेदवाराला काय विचारतो? पाण्याचा दाब, एसआरएची फाइल, पार्किंग, गटाराचं झाकण. ते विचारायलाच हवं. पण ही कामं नगरसेवकाचीही आहेत. सभागृहाबद्दल, जिथे त्याला पाठवायचंय त्या जागेबद्दल, त्याला कोणी काहीच विचारत नाही.

२० नोव्हेंबर २०२४ ला मी नोटा दाबला नाही. कोणाला मत दिलं ते सांगणार नाही, ते गुप्तच राहू दे. आमच्या शेजारी जोगेश्वरी पूर्वला बाळा नर १,५४१ मतांनी निवडून आले, वर्सोव्याला हरून खान १,६०० मतांनी. तिकडे साकोलीत नाना पटोले, तेच माजी अध्यक्ष, २०८ मतांनी. बारा हजार माणसं रागावून खालचं बटण दाबतात तेव्हा किती जणांचं नशीब त्या रागात फुकट जातं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

पुढच्या निवडणुकीला मी सत्तरी ओलांडलेली असेन. कार्यकर्ते नेहमीप्रमाणे संध्याकाळी साडेसातला, नेमक्या वरण फोडणीला टाकायच्या वेळी, बेल वाजवतील. मागे उमेदवार हात जोडून उभा असेल. या वेळी मी गॅस बारीक करून त्याला दारातच एक प्रश्न विचारणार आहे: “तुमचा पक्ष जिंकला आणि समोरच्यांचे वीसच आले, तर त्यांना ती खुर्ची द्याल का?” उत्तर द्यायला तो थांबला, तर आत बोलावून पाणी देईन.